ही वस्ती कुणाच्या हद्दीत?

नमस्कार श्रोतेहो. पोलिओचे दोन थेंब बाळाला पाजायला क्षणभर पुरतो. खरं काम असतं ते त्या बाळाच्या दारापर्यंत पोचण्याचं, आणि त्यासाठी ते दार कुठं आहे हे आधी ठाऊक हवं. आज आपण नायजेरियाची हकीकत ऐकूया.

त्या देशाच्या उत्तर भागातून पोलिओ हटता हटत नव्हता. लसीकरणाच्या मोहिमांमागून मोहिमा होत. पथकाजवळ हातानं काढलेला नकाशा असे. त्यात अंतराचा अंदाज नाही, सगळ्या वाड्या नाहीत. दोन हद्दींच्या मधली वस्ती दोन्हीकडच्या कागदांतून निसटायची. फुलानी गुराख्यांचे तळ तर गुरांबरोबर फिरते.

२०१२ च्या सुमारास उपग्रहचित्रांवरून नवे नकाशे तयार होऊ लागले. चित्रात छपरं दिसतात, पायवाटा दिसतात. गावाचं नाव मात्र दिसत नाही. ते विचारायला माणसंच वस्तीवस्तीवर गेली. पुढं पथकांना जीपीएसचे मोबाइल दिले गेले. फोन परत आला की दिवसभराची वाट नकाशावर उमटे आणि कुठल्या वस्तीवर कुणीच गेलेलं नाही, ते उघड होई. मग तिथं पुन्हा पथक धाडता येई. मला यातलं मोल इथंच दिसतं. लस दिलेल्या मुलांचा आकडा कितीही मोठा असो, सुटलेल्या मुलाचा पत्ता तो सांगत नाही. एक मात्र खरं, ही नोंद सुटलेली वस्ती शोधायला वापरावी, उन्हातान्हात पायपीट करणाऱ्या कार्यकर्तीला धारेवर धरायला नव्हे.

२०१६ मध्ये बोर्नो राज्यात पोलिओ पुन्हा सापडला. बंडखोरांमुळे तिथल्या कित्येक गावांत पाऊल टाकणंच अशक्य होतं. कुठं अजून माणसं राहतात आणि कुठली गावं ओस पडली, याचा अंदाज उपग्रहचित्रांवरूनच बांधला गेला. अखेर २५ ऑगस्ट २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेचा आफ्रिका विभाग नैसर्गिक पोलिओ विषाणूपासून मुक्त जाहीर झाला. थेंबांच्या लसीतला दुबळा केलेला विषाणू बदलून झालेल्या प्रकाराशी लढा मात्र चालूच आहे.

आपल्याकडेही पल्स पोलिओच्या आखणीत वीटभट्ट्या, बांधकामं आणि ऊसतोड टोळ्यांचे अड्डे वेगळे नोंदवतात. पण टोळीची कोपी, म्हणजे झोपडी, आज या उसाच्या फडाजवळ, तर उद्या दुसऱ्या. म्हणून गळीत हंगामात तुमच्या शिवारात नवी टोळी उतरली, की आशाताईंना लगेच कळवा. जागा नेमकी सांगा: कुठला रस्ता, कुणाचं रान, पाच वर्षांखालची मुलं किती.