गाडीखाली काय घालायचं?

मंडळी, नमस्कार.

घराच्या गेटपासून पोर्चपर्यंत गाडी ज्या पट्ट्यावरून आत येते, त्याला आपल्याकडं धड नाव नाही. कुणी पार्किंग म्हणतं, कुणी पुढची जागा, आमची आई शेवटपर्यंत अंगणच म्हणायची. नाव नाही म्हणून की काय, त्याचा नंबरही सगळ्यात शेवटी लागतो. स्लॅब पडला, रंग झाला, वास्तुशांतीच्या पत्रिका वाटून झाल्या, की मालक गवंड्याला विचारतात, "पुढं काय टाकायचं?" तोवर खिशात फारसं उरलेलं नसतं आणि हातात आठ दिवस असतात. मग शेजाऱ्याकडं जे असेल तेच आपल्याकडं.

मी या शहरात ३० वर्षं लोकांची घरं बांधतो आहे, आणि स्वतःच्या घरी मी हेच केलं. जुळे सोलापुरात आमचा प्लॉट. मे महिन्यात, भर अकराच्या उन्हात ४ इंच काँक्रीट ओतलं. नळाला पाणी रोज येत नाही, हौदात होतं ते पाहुण्यांना लागणार, म्हणून पाणी मारायचं काम दोन दिवसांत आटोपतं घेतलं. दिवाळीपर्यंत गेटपासून पायरीपर्यंत एक भेग गेली, मधे तिला दोन फाटे फुटले. रुपयाचं नाणं तिच्यात उभं राहायचं. समोरचे काका फिरायला निघाले की थांबायचे आणि म्हणायचे, "इंजिनिअरसाहेब, भीमा झाली, आता सीना कुठं मिळते तेवढं दाखवा."

शेवटी ज्या मिस्त्रींनी ते ओतलं होतं, त्यांनाच बोलावलं. त्यांनी भेगेत सळई घातली, ती दीड वीत आत गेली. बाहेर काढून टोकाची काळी माती बोटानं पुसली आणि म्हणाले, "साहेब, वर कायबी घाला, खाली अजून रानच हाय की."

खरं होतं. तिथं पूर्वी ज्वारी उभी असायची. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज असतं. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते आणि वाळली की आक्रसते. मंगळवेढ्याची मालदांडी अशाच मातीच्या ओलीवर हिवाळाभर उभी राहते. गाडीच्या पट्ट्याला मात्र हे फुगणं-आक्रसणं नडतं, कारण मधली जागा झाकलेली, कडेची उघडी. सप्टेंबरातल्या पावसात कडा फुगून वर येतात, मधलं तसंच राहतं, आणि वरचं काँक्रीट मोडतं.

अर्थात सगळ्या सोलापूरची माती सारखी नाही. कुठं दोन फुटांवर मुरूम लागतो, कुठं सहा फूट खणलं तरी काळंच. तुमच्याकडं काय आहे ते बघायला एक सोपं काम करा. फूटभर खालची मूठभर माती उन्हात कडक वाळवा, कुटा, चहाच्या गाळणीतून चाळा. दोन सारख्या काचेच्या ग्लासांत दोन-दोन चमचे घाला. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. ढवळा आणि दुसऱ्या दिवशी बघा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातला थर रॉकेलमधल्या थराच्या दीडपट झाला तर सावध व्हा, दुप्पट झाला तर आधी माती बदलण्याचे पैसे बाजूला काढा, मग वरचं बोलू. माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत हीच चाचणी करतात, फक्त १० ग्रॅम मोजून, मापाच्या नळीत. रॉकेल आता मिळतं कुठं, म्हणाल, तेही खरंच. जुन्या घरात एखादी बाटली निघते, ती शोधा.

माती फुगणारी निघाली तर दीड-दोन फूट काढून टाकायची आणि मुरूम भरायचा. १० फूट रुंद, २० फूट लांब पट्टा आणि दीड फूट खोली धरली तर ३०० घनफूट, म्हणजे ३ ब्रास. दाबल्यावर तो बसतो, म्हणून चारच्या आसपास मागवा. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी, वर धुम्मस नाही तर छोटा रोलर. मुरूम ओतून जेसीबी त्याच्यावरून दोनदा पुढं-मागं केला म्हणजे दबाई झाली, असं नसतं. या कामाचा फोटो कुणी व्हॉट्सॲपवर टाकत नाही, म्हणूनच त्यात सगळ्यात जास्त काटकसर होते.

आता वर काय?

सोलापूरकराच्या तोंडी पहिलं नाव शहाबादीचं येतं, आणि यायलाच हवं. कलबुर्गी जिल्ह्यातलं शहाबाद आपल्याच रेल्वेच्या वाटेवर. हा चुनखडीचा दगड थराथरानं निघतो, म्हणून फरशी सरळ सुटते. रंग राखाडी, त्यामुळं एप्रिलच्या दुपारी काळ्या कडप्प्याइतके पाय पोळत नाहीत. घरी नुसत्या दुचाक्या असतील तर खुशाल घाला. चारचाकीला मात्र इंचभर जाडीची फरशी आणि खाली भुसभुशीत भर ही जोडी चालत नाही. चाक कोपऱ्यावर आलं की फरशी 'कट्' म्हणते. जाड फरशी मागा, दोन इंची मिळाली तर उत्तम. पॉलिश नको, खडबडीत हवी. खाली काँक्रीटचा थर हवा आणि मसाला अखंड पसरलेला हवा, चार कोपऱ्यांवर चार गोळे आणि मधे हवा असा नाही. बसवून सुकल्यावर काठीच्या टोकानं एकेक फरशी ठोकून बघा. 'ठक' वाजली तर ठीक, 'ढब' वाजली तर खाली पोकळ आहे. गवंडी तिथं असतानाच उचलायला लावा. आणि ती धुवायला ॲसिड वापरू नका. चुनखडीवर ॲसिड पडलं की फेस येतो. आपल्याला वाटतं मळ निघतोय, पण विरघळत असतो तो दगडच.

चकचकीत टाइल्सबद्दल थोडक्यात सांगतो: गाडीखाली नकोत. पहिल्या सरीला घरातलं वडीलधारं माणूस घसरतं. पार्किंगसाठी मिळतात त्या जाड, खरबरीत टाइल्स चालतील, पण पोकळ वाजण्याचा नियम त्यांनाही लागू.

डांबर घरापुरतं करूच नका. रस्त्याला वापरतात त्या व्हीजी ३० डांबराचा मऊ होण्याचा बिंदू किमान ४७ अंश असतो, आणि आपल्या मे महिन्यात उन्हातला काळा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो. मोटरसायकल साइड स्टँडवर लावून जेवायला जा, परत याल तेव्हा स्टँड रुतलेला आणि गाडी आडवी.

काँक्रीट वाईट नाही. मुरमावर बसलेलं, नीट केलेलं काँक्रीट आपल्यालाही पुरून उरतं. छोट्या गाडीला ४ इंच पुरे. पण उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आत घेत असाल तर ६ इंच आणि जाळी धरा. ५,००० लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच ५ टन असतं. दर ८ ते १० फुटांवर कटरनं इंचभर खोल काप मारून घ्या, म्हणजे भेग जायचीच असेल तर ती कापातून, गुपचूप जाते. वर झाडू ओढून रेघा काढा, घोटून गुळगुळीत करू नका. आणि पाणी. आयएस ४५६ हे मानक सांगतं की कोरड्या, उष्ण हवेत साध्या सिमेंटला किमान १० दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटला १४ दिवस ओल हवी. बाजारात बहुतेक पोती राखमिश्रितच, म्हणजे १४ धरा. ओतायचं संध्याकाळी, वर ओलं गोणपाट. दोन आठवडे पुरेल इतकं पाणी हौदात नसेल तर ते काम जुलैवर ढकला. वास्तुशांती मुरमावरही होते.

काळ्या मातीच्या प्लॉटवर, माती बदलूनसुद्धा, मी आता पेव्हर ब्लॉकच सांगतो. कारण साधं आहे: जमीन थोडी हललीच तर ब्लॉक तिच्याबरोबर हलतो, मोडत नाही, आणि पुन्हा काढून बसवता येतो. पण ब्लॉकांमध्ये फसवणूक फार. रबरी साच्यातले चकचकीत, लाल-पिवळे ब्लॉक दुकानात मोहात पाडतात; त्यातले बरेच दोन उन्हाळ्यांत रंग सोडतात आणि पावसात निसरडे होतात. मशीनवर दाबून केलेले, खरखरीत, ६० मिलिमीटर जाडीचे घ्या. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटा, आवाज खणखणीत यायला हवा. मग एक ब्लॉक घरी आणा, दोन दिवस उन्हात वाळवून किराणा दुकानातल्या काट्यावर तोला, एक दिवस-एक रात्र बादलीत बुडवा, पुसून पुन्हा तोला. आयएस १५६५८ प्रमाणे ब्लॉकनं सरासरी वजनाच्या ६ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. पावणेतीन किलोचा ब्लॉक १६५ ग्रॅमच्या वर पाणी प्यायला, तर नमस्कार करून दुसऱ्याकडं जा.

बसवताना खाली इंचभर वाळू, जास्त नको. कडेला सिमेंटमध्ये पक्की किनार हवी, नाहीतर बाहेरची रांग हळूहळू बागेकडं सरकते आणि मागोमाग सगळेच. फटींत बारीक वाळू झाडून भरा; नाही भरली तर पहिल्या पावसानंतर हराळी आणि गाजरगवत ती जागा भरतात.

बजेट अगदीच आखूड असेल तर नुसत्या चाकांखाली दोन-दोन फूट रुंदीच्या दोन पट्ट्या करा, मधे मुरूम किंवा खडी. उतार मात्र कशालाही चुकत नाही: २० फुटांना ४ ते ५ इंच, घरापासून लांब, जमलं तर झाडांच्या वाफ्याकडं. रस्ता दर डांबरीकरणाला थोडा उंच होतो, हे धरून गेटची पातळी आधीच वर ठेवा, नाहीतर रस्त्याचं पाणी पोर्चमध्ये येतं.

आमच्याकडचं ते काँक्रीट मी फोडून काढलं, पावणेदोन फूट माती काढली, मुरूम भरला, ब्लॉक बसवले. मागच्या सप्टेंबरात नळाच्या मीटरजवळ पाइप झिरपला आणि डझनभर ब्लॉक अर्धा इंच खाली बसले. रविवारी सकाळी मी आणि मुलगा दोन स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो. पहिला ब्लॉक निघायला पाऊण तास लागला, बाकीचे अकरा दहा मिनिटांत निघाले. पाइप जोडला, वाळू घातली, ब्लॉक परत ठोकत होतो तेवढ्यात समोरचे काका फिरून आले. थांबले. नदीचं नाव काढलं नाही. वाकून एक ब्लॉक उचलला, हातात दोनदा तोलून पाहिला आणि म्हणाले, "हा किती पाणी पितो, बघितलं होतंत का?"