मंद्र षड्जापासून तार पंचमापर्यंत

मित्रहो, 'टेक ऑन मी' हे नाव काढलं की समोरचा माणूस सहसा गाण्याबद्दल बोलत नाही. तो विचारतो, 'ते पेन्सिलच्या चित्रांचं ना?' कॅफेत कॉमिक वाचत बसलेली मुलगी, पानातून बाहेर आलेला रेखाटलेला हात, त्या हाताला धरून तिचं चित्रात शिरणं. आपल्याकडे १९९१ मध्ये स्टारबरोबर एमटीव्ही आलं, त्या दिवसांत टीव्हीसमोर बसणाऱ्यांनी हा व्हिडिओ पाहिला असण्याची शक्यता बरीच आहे. नॉर्वेच्या 'आ-हा' या बँडचं हे गाणं जगभर पोचलं ते व्हिडिओमुळे, यात वाद नाही. पण त्याला एक वाक्य हमखास जोडलं जातं: गाणं बेताचंच होतं, व्हिडिओनं तारलं. मला आज त्या वाक्याशी भांडायचं आहे.

आधी थोडा इतिहास, भरभर सांगतो. मॅग्ने फुरुहोल्मेन आणि पॉल वाक्तार हे ऑस्लोकडचे दोघे मित्र शाळकरी वयापासून एकत्र वाजवत. 'ब्रिजेस' या त्यांच्या आधीच्या बँडवर अमेरिकेच्या 'द डोअर्स' या रॉक बँडचा मोठा प्रभाव होता. कीबोर्डवर वाजणारी ती सुरुवातीची सुप्रसिद्ध धून त्याच काळातली आहे. नंतर मॉर्टन हार्केट हा गायक येऊन मिळाला, १९८२ मध्ये 'आ-हा' जमला आणि तिघांनी लंडन गाठलं. तिथे हालअपेष्टा सोसत डेमो, म्हणजे नमुन्याची ध्वनिमुद्रणं, केले. मग वॉर्नर ब्रदर्स या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला आणि १९८४ मध्ये टोनी मॅन्सफील्ड या निर्मात्याच्या हाताखाली झालेलं 'टेक ऑन मी' बाजारात आलं. नॉर्वेत ते लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. ब्रिटनमध्ये मात्र पहिल्या शंभरातही आलं नाही.

आता गाण्याकडे येऊ. गाणं ए मेजरमध्ये आहे, म्हणजे 'ए' हा आपला षड्ज धरा. ध्रुवपदाचा पहिला शब्द हार्केट खालच्या षड्जावर ठेवतो, अगदी मंद्रात, जवळजवळ बोलण्याच्या पट्टीत. तिथून प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याच्या वर चढतो. मध्य सप्तक ओलांडलं जातं, आवाज छातीतून डोक्यात जातो, आणि ध्रुवपदाच्या अखेरीला तो पोचतो तार सप्तकातल्या पंचमावर. मंद्र षड्ज ते तार पंचम, अडीच सप्तकं, तीही एकाच ध्रुवपदात. आपल्या मैफलीत तार पंचमावर जायला गायक आधी किती वेळ जमीन तयार करतो ते तुम्ही जाणता. इथे तेवढी सवड नाही. मिनिटाला १६९ ठोक्यांची लय धावते आहे आणि तिच्या पाठीवर उभं राहून ही चढण चढायची आहे.

हे आपोआप घडलेलं नाही. हार्केटचा आवाज किती पल्ल्याचा आहे हे वाक्तारला ठाऊक होतं, आणि तो पल्ला वापरला जाईल अशीच रचना त्याला हवी होती. रिचर्ड स्ट्राउसच्या 'आल्सो स्प्राख झाराथुस्त्रा'च्या सुरुवातीला तुताऱ्या जशा मोठ्या उड्या घेत वर जातात, तशा पायऱ्या डोक्यात होत्या असं त्यानं स्वतः नंतर सांगितलं आहे. पॉप गाण्यात ध्रुवपद म्हणजे सगळ्यांना सहज गुणगुणता येईल अशी जागा. या तिघांनी नेमकी तीच जागा अशी बांधली की ऐकणाऱ्याला म्हणावीशी वाटते आणि म्हणायला गेलं की अर्ध्यावर आवाज संपतो. वर पोचण्याची ओढ आणि न पोचण्याची भीती, दोन्ही त्या स्वरांतच आहेत. हे लक्षात ठेवा, कारण व्हिडिओची गोष्ट तीच आहे.

मग १९८४ मध्ये बिघडलं काय? मॅन्सफील्ड हा फेअरलाइट या संगणकी वाद्याचा जाणकार होता. त्याच्या हातून झालेलं ध्वनिमुद्रण नीटनेटकं आहे, पण ऐकताना मला तरी ते थंड वाटतं. हार्केट वर जातो आणि खालचं संगीत जागच्या जागी उभं राहतं. वॉर्नरच्या लंडन कचेरीतल्या अँड्र्यू विकहॅमनं तरीही गाणं सोडलं नाही आणि काम ॲलन टार्नीकडे गेलं. टार्नी हा क्लिफ रिचर्ड आणि लिओ सेयर या ब्रिटिश गायकांबरोबर काम केलेला मुरलेला निर्माता. त्यानं धून बदलली नाही, चालही नाही. डेमोमधला जोम परत आणला. लिन ड्रम या यंत्राच्या तालावर खऱ्या झांजांचा आवाज चढवला, गिटार मिसळली, सिंथेसायझर पुढे आणला. आपण जे गाणं ओळखतो ते हे.

आणि आता मला फार महत्त्वाची वाटणारी गोष्ट. हे टार्नीचं ध्वनिमुद्रणही १९८५ च्या पूर्वार्धात ब्रिटनमध्ये पडलंच! म्हणजे 'चांगलं गाणं आपोआप वर येतं' असं म्हणणाऱ्यांचाही इथे निकाल लागतो. गाणं तेच होतं, घट्ट बांधलेलं, तयार. लोकांनी ते ऐकलंच नव्हतं. व्हिडिओनं गाण्याला गुण दिले नाहीत, कान मिळवून दिले. ही दोन कामं वेगळी आहेत आणि आपण नेहमी त्यांची गल्लत करतो.

वॉर्नरच्या अमेरिकेतल्या कचेरीत जेफ अयेरॉफ हा सर्जनशील विभाग सांभाळत होता. त्याच्या पाहण्यात मायकेल पॅटरसन या तरुण ॲनिमेटरची 'कम्यूटर' नावाची विद्यार्थिदशेतली फिल्म आली होती, पेन्सिलनं रेखाटलेली. ही शैली आणि हे गाणं जोडावं असं ठरलं. दिग्दर्शनासाठी स्टीव्ह बॅरनला बोलावलं, ज्यानं मायकेल जॅक्सनच्या 'बिली जीन'चा व्हिडिओ केला होता. चित्रण लंडनमध्ये झालं, त्यातला कॅफे वँड्सवर्थ रोडवरचा. मुलीच्या भूमिकेत बंटी बेली.

तंत्र नवं नव्हतं. रोटोस्कोपिंग मॅक्स फ्लायशरनं १९१५ च्या सुमारास शोधलं होतं. आधी खऱ्या माणसांचं चित्रण करायचं, मग त्यातली एकेक चौकट समोर धरून तिच्यावरून रेखाटायचं. पॅटरसन आणि त्याची सहकारी कँडेस रेकिंगर यांनी अशी सुमारे ३,००० चित्रं काढली आणि त्याला सोळा आठवडे लागले. आता यातली गंमत बघा. प्रत्येक चित्र हातानं नव्यानं काढलेलं, त्यामुळे कुठलीही रेघ पुढच्या चौकटीत नेमकी त्याच जागी पडत नाही. पडद्यावर ती थरथरते. एरवी ॲनिमेटर हा थरथराट दोष म्हणून काढून टाकतो. इथे तो ठेवला आहे, आणि म्हणून चित्रातला माणूस स्थिर उभा असतानाही जिवंत वाटतो, आणि तितकाच पुसला जाईल असाही.

एक दृश्य पुन्हा पुन्हा पाहावं असं आहे. चित्रांच्या जगात एक चौकट आहे, आरशासारखी रिकामी. तिच्या एका बाजूनं पाहिलं की माणूस हाडामांसाचा दिसतो, दुसऱ्या बाजूनं पेन्सिलचा. दोघं तिच्याभोवती फिरतात आणि कोण खरं, कोण रेखाटलेलं, हे क्षणाक्षणाला बदलतं. मग पाना घेऊन शत्रू मागे लागतात. तिकडे कॅफेतल्या बाईला वाटतं पोरगी बिल न देता पळाली, ती कॉमिक चुरगळून कचऱ्यात टाकते. चुरगळलेल्या कागदाच्या आत अडकलेली माणसं! ही कल्पना आजही मला थक्क करते.

आणि शेवट. मुलगी कागदातून बाहेर पडते आणि कॉमिक घरी आणून पानं सरळ करते. चित्रातला तरुण, म्हणजे हार्केटच, अरुंद बोळात उभा राहतो, कधी रेषांचा, कधी देहाचा, आणि या भिंतीवरून त्या भिंतीवर अंग आपटत माणूस व्हायला बघतो. त्या वेळी कानावर काय चाललंय? तेच ध्रुवपद, परत परत, खालच्या षड्जापासून वर. गाणं सम गाठून संपत नाही, चढता चढताच विरत जातं. म्हणून म्हणतो, ही गोष्ट वरून चिकटवलेली नाही. आपल्या मर्यादेच्या बाहेर पडायची जी धडपड हार्केटच्या गळ्यात आहे, तीच बॅरननं बोळात उभी केली. दुसऱ्या कुठल्या गाण्यावर हा व्हिडिओ लावून पाहा, तो इतका बसणार नाही.

पुढचे आकडे तुम्हाला ठाऊक असतील, तरी त्यांतला एक फरक सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या बिलबोर्ड साप्ताहिकाच्या 'हॉट १००' या गाण्यांच्या यादीत तेव्हा विक्री आणि रेडिओवरचं वादन दोन्ही धरत. गाणं जुलै १९८५ मध्ये यादीच्या तळाशी शिरलं, एमटीव्हीवर व्हिडिओ फिरत राहिला आणि १९ ऑक्टोबरला ते पहिल्या क्रमांकावर आलं. नॉर्वेच्या बँडला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. तो एकच आठवडा टिकला, पुढच्या आठवड्यात व्हिटनी ह्यूस्टन आली. ब्रिटनमध्ये यादी दुकानांतल्या विक्रीवर बने, आणि एमटीव्ही युरोप तर १९८७ मध्ये सुरू झालं. तिथे तिसऱ्यांदा काढलेलं हे गाणं दुसऱ्या क्रमांकावर तीन आठवडे थांबलं, कारण वर जेनिफर रशचं 'द पॉवर ऑफ लव्ह' होतं, त्या वर्षी ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेलं गाणं.

बॅरनसाठी तो हंगाम विलक्षण होता. 'टेक ऑन मी'च्या महिनाभर आधी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं डायर स्ट्रेट्सचं 'मनी फॉर नथिंग', तोही व्हिडिओ त्याचाच. १९८६ च्या एमटीव्ही पुरस्कारांत 'टेक ऑन मी'ला आठ नामांकनं आणि सहा पुरस्कार मिळाले, दिग्दर्शनाचाही. वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ मात्र 'मनी फॉर नथिंग' ठरला. माझं मत विचाराल तर तो निर्णय चुकला. 'मनी फॉर नथिंग'मधली संगणकाची चित्रं त्या काळची म्हणून ओळखू येतात, पॅटरसन-रेकिंगरची पेन्सिल अजून ताजी आहे.

अमेरिकेनं 'आ-हा'ला या एका गाण्यापुरतंच लक्षात ठेवलं. इतरत्र तसं नव्हतं. 'द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही' जानेवारी १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये पहिलं आलं, आणि त्याच्या व्हिडिओच्या सुरुवातीला ही कॉमिकची गोष्ट पुढे जाते: तो पुन्हा रेषांचा होऊ लागतो आणि तिला सोडून जातो. फेब्रुवारी २०२० मध्ये 'टेक ऑन मी'नं यूट्यूबवर शंभर कोटी वेळा पाहिलं जाण्याचा टप्पा ओलांडला, तेव्हा पुन्हा सगळे व्हिडिओबद्दलच बोलले.

म्हणून माझा शेवटचा पुरावा वेगळा आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात नॉर्वेतल्या गिस्के बेटावर 'आ-हा'नं एमटीव्ही अनप्लग्ड या साध्या, विजेविना वाजणाऱ्या वाद्यांच्या कार्यक्रमासाठी हेच गाणं वाजवलं. चित्रं नाहीत, सिंथेसायझरचा झगमगाट नाही, १६९ ठोक्यांची धाव नाही. लय इतकी खाली आणली आहे की पहिल्या ओळीला गाणं ओळखूच येत नाही. हार्केट तेव्हा सत्तावन्न वर्षांचा. जलद लयीत जी झेप वाटायची ती इथे एकेक पायरी मोजत घेतलेली आहे, आणि त्यामुळे ओळींमधलं आर्जव पहिल्यांदा नीट कानावर येतं. ज्यांना गाणं बेताचं वाटतं, त्यांनी ते ध्वनिमुद्रण डोळे मिटून ऐकावं आणि मग माझ्याशी वाद घालावा.