‘थर्ड स्टेज’ : बॉस्टन परतला तेव्हा

[काळा पडदा. रिळांची घरघर. मग एक गिटार, एकटीच.]

सप्टेंबर १९८६. बॉस्टन या अमेरिकन बँडचा तिसरा अल्बम ‘थर्ड स्टेज’ दुकानांत आला. दुसरा आला होता ऑगस्ट १९७८ मध्ये. मधल्या आठ वर्षांत डिस्कोची लाट ओसरली, एमटीव्ही सुरू झालं, सीडी बाजारात आली आणि मेलडिक हार्ड रॉकमध्ये गिटारच्या मांडीला मांडी लावून सिंथेसायझर बसला. बॉस्टनच्या वेष्टनावर मात्र बजावून छापलं होतं, की यात सिंथेसायझर नाही.

सुई ठेवली की आवाज तोच, १९७६ च्या पहिल्या अल्बमचा. सगळी मेहनत गेली ती हा आवाज जागचा हलू न देण्यात.

[तळघराचा जिना. खाली पिवळा दिवा.]

बँडचा म्होरक्या आणि गिटारवादक टॉम शोल्झ, एमआयटीचा मेकॅनिकल इंजिनिअर. दिवसा पोलरॉइड या कॅमेऱ्याच्या कंपनीत नोकरी, रात्री मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनच्या घरात, तळघरात रेकॉर्डिंग. पहिला अल्बम बहुतेक तिथेच झाला. एकट्या अमेरिकेत त्याच्या १ कोटी ७० लाख प्रतींची नोंद आहे. दुसरा अल्बम सीबीएस या रेकॉर्ड कंपनीच्या घाईपायी अर्धाकच्चा बाहेर गेला, ही शोल्झची तक्रार. तिसरा मात्र पुरता शिजल्याशिवाय उतरवायचा नाही, असं त्यानं ठरवलं. सीबीएसनं १९८३ मध्ये करारभंगाचा दावा लावला. १९९० मध्ये निकाल शोल्झच्या बाजूनं लागला. अल्बम तोवर एमसीए या दुसऱ्या कंपनीकडून निघालाही होता. कोर्टकचेरीचं एवढंच पुरे. खरी गोष्ट तळघरात आहे.

[टेप मशीन, जवळून. दोन इंच रुंद तपकिरी पट्टी हेडवरून सरकते.]

सहा वर्षं चाललेलं हे काम. अल्बमच्या वेष्टनावरच लिहिलंय, ‘पूर आणि वीज जाणं यांच्या मधल्या वेळात’. वीज जाण्याचं कौतुक आपल्याला सांगायला नको, पण टेपच्या बाबतीत ती नेमकं काय करते ते बघा. मशीन रेकॉर्डवर असताना प्रवाह एकदम तुटला, तर पट्टीवर टक् असा आवाज उमटतो. तेवढा भाग पुन्हा वाजवता येतो. वाईट गोष्ट दुसरीच: हेडमध्ये, म्हणजे पट्टीवर आवाज लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या चुंबकी तुकड्यात, चुंबकत्व राहून जाऊ शकतं. मग तीच टेप जितक्या वेळा फिरवाल, तितक्या वेळा तिच्यावरचे वरचे सूर थोडे थोडे पुसले जातात. झांजेची चमक आधी जाते. म्हणून वीज आली की लगेच प्ले दाबायचं नाही. टेप बाजूला काढायची, मशीन बंद ठेवायचं, डीमॅग्नेटायझर, म्हणजे चुंबकत्व घालवणारं यंत्र, हेडजवळ हळू फिरवायचा आणि चालू ठेवूनच हातभर लांब नेऊन मग बंद करायचा. जवळच बंद केला, तर घालवायला गेलो तेच चुंबकत्व आपल्या हातानं बसवलं.

वीज गेली नाही तरी झीज असतेच. २५०० फुटांचं रीळ सेकंदाला ३० इंच वेगानं जेमतेम साडेसोळा मिनिटं चालतं. एका गाण्यावर महिनोन्महिने नवे थर चढवायचे म्हणजे तीच पट्टी शेकडो वेळा हेडवर घासायची. दर घासणीला थोडा ऑक्साइड, म्हणजे पट्टीवरचा चुंबकी लेप, सुटतो. कापसाचा बोळा स्पिरिटात भिजवून हेड पुसलं की तो तपकिरी दिसतो.

त्यात आणखी एक भानगड. आज सुरू केलेलं गाणं तीन वर्षांनी पुढे न्यायचं, तर मशीन तेव्हाही आजच्यासारखंच वाजलं पाहिजे. त्यासाठी रिळाच्या सुरुवातीला १००, १००० आणि १०,००० हर्ट्झचे चाचणीचे सूर भरून ठेवतात. दर वेळी कामाआधी ते वाजवायचे आणि मीटरचा काटा मूळ जागी येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. हे चुकवलं, तर एकाच गाण्यातली नवी गिटार जुनीपेक्षा मंद ऐकू येते आणि दोष बिचाऱ्या तारांना दिला जातो.

[गिब्सन लेस पॉल. तारांवर बोटं.]

आता ती गिटार. बॉस्टनचा आवाज जाड असूनही त्यातला प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. हे जमतं कसं?

अँपमध्ये आवाज फाटायच्या, म्हणजे डिस्टॉर्शन व्हायच्या, आधीच मधले सूर वर उचलायचे आणि खालचा खर्ज कापायचा. खर्ज तसाच आत गेला तर फाटताना चिखल होतो, आणि तो नंतर कुठल्याही इक्वलायझरनं धुऊन निघत नाही. पुढे १०० वॅटचा मार्शल अँप, पूर्ण ताणलेला. तळघरात त्या आवाजानं कान जातील. म्हणून शोल्झनं पॉवर सोक बनवला: अँप आणि स्पीकरच्या मध्ये बसणारी पेटी, जादा ताकद रोधकांत जाळून तिची उष्णता करणारी. अँपला वाटतं आपण जोरात ओरडतोय, स्पीकर मात्र बेतानं बोलतो. किंमत मोजावी लागते: पेटी तापते आणि अँपच्या व्हॉल्व्ह लवकर दम तोडतात.

दोन गिटारी मिळून सुरावट वाजवतात तेव्हा खरी मेख कळते. ४४० हर्ट्झचा षड्ज धरा. गिटारच्या पडद्यांवर त्याचा शुद्ध गंधार ५५४ ला येतो. हार्मोनियमसारखाच, किंचित चढा. हे दोन्ही सूर एकाच अँपमधून फाडले, की त्यांच्या फरकाचा तिसरा सूर जन्माला येतो, ११४ हर्ट्झचा. खालचा षड्ज ११० वर, त्यापुढचा कोमल रे साडेसहा अधिक, म्हणजे ११६.५ वर. हा पाहुणा मध्येच लटकतो, ना धड सा ना धड रे. तीच गुरगुर. उपाय सोपा पण वेळखाऊ: प्रत्येक सूर वेगळा वाजवायचा, वेगळा फाडायचा, वेगळ्या ट्रॅकवर ठेवायचा. फाटल्यानंतर एकत्र आणलेले सूर भांडत नाहीत.

एकच ओळ दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवली की गिटार रुंद होते. जोडीनं लावलेल्या तंबोऱ्यांसारखं, जरासा फरक हवाच. आळस करून एकाच वादनाची प्रत मिलिसेकंदभर उशिरानं जोडली, तर मोनो रेडिओवर ५०० हर्ट्झला खड्डा पडतो, पुढे १५०० ला, मग २५०० ला. कारच्या स्पीकरवर तीच भव्य गिटार पत्र्याचा डबा होते.

[हातात मावणारी काळी पेटी, कमरेला अडकवलेली.]

हा सगळा सरंजाम शोल्झनं १९८२ मध्ये एका खोक्यात कोंबला. रॉकमन. आठ पेन्सिल सेल, एक हेडफोन. आत कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज एका पातळीवर आणणारा), डिस्टॉर्शन, स्टिरिओ कोरस आणि एको. त्या विक्रीच्या पैशानं खटल्याच्या काळात हात दिला. अँपही नको, माइकही नको, थेट टेपवर. एक खोड आहे: वाजवणं थांबलं की कॉम्प्रेसर शांततेलाच वर खेचतो आणि सुस्कारा ऐकू येतो. म्हणून दोन ओळींमधली जागा हातानं बंद करत जावी लागते. डेफ लेपर्ड या ब्रिटिश बँडच्या १९८७ च्या ‘हिस्टेरिया’तल्या गिटारी ऐका, तोच खोका आहे.

[मायक्रोफोन. रिकामी खुर्ची.]

गळा ब्रॅड डेल्पचा. मागे जो वृंद ऐकू येतो तोही डेल्पच, थरावर थर. ड्रमवर जिम मस्डिया, बँडच्या अगदी सुरुवातीचा वादक. पहिल्या अल्बमच्या वेळी त्याला बाजूला सारलं होतं, तिथे तो एकाच गाण्यात आहे. इथे तो परतला. गॅरी पील ही नवी गिटार, रॉक गायक सॅमी हेगरच्या बँडमधून आलेली. बाकी मूळ मंडळी पांगली होती.

‘अमांडा’ हे गाणं नोव्हेंबर १९८६ मध्ये अमेरिकेत दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. एमटीव्हीच्या भर राज्यात, व्हिडिओ न काढता. अल्बम चार आठवडे अव्वल. एकूण लांबी ३७ मिनिटांच्या आत. ‘द लाँच’मधलं रॉकेटचं उड्डाण मला जरा ताणलेलं वाटतं, ‘कूल द इंजिन्स’ त्याहून खणखणीत आहे.

पुढचा अल्बम १९९४ मध्ये आला. पुन्हा आठ वर्षं. त्यानंतरचा २००२ मध्ये. डेल्प मार्च २००७ मध्ये गेला. डिसेंबर २०१३ मध्ये ‘लाइफ, लव्ह अँड होप’ आला, त्यातल्या काही गाण्यांत गळा त्याचाच आहे.

[रीळ संपतं. टेपचं मोकळं टोक फटफटत राहतं.]