मागाच्या खोलीतला पडदा

(दृश्य : यंत्रमाग चालू. धोटा इकडून तिकडे. मूळ आवाज पूर्ण, मग हळूहळू खाली.)

बेळगावचं वडगाव. शेजारी शहापूर, खासबाग, पलीकडे अनगोळ. विणकरांची जुनी वस्ती. या खोलीत आठ माग आहेत. आठही चालू असले की शेजारच्याशी बोलायला त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. इथं वाढलेली पोरं ओठांवरून अर्धं बोलणं ओळखतात.

आज माग लवकर थांबले. दोन मागांच्या मधे दोरी बांधली, तिच्यावर न रंगवलेलं पांढरं कापड टाकलं, टाचण्या मारल्या. झाला पडदा. प्रोजेक्टर मालकांच्या पुतण्याने आणला. सुताची बारीक धूळ अजून हवेत तरंगते आहे, म्हणून प्रकाशाचा झोत असा हातात धरण्यासारखा दिसतो.

(दृश्य : झोतातली धूळ. मग प्रेक्षकांचे चेहरे.)

चित्रपट आहे १९९८ चा, ‘एनिमी ऑफ द स्टेट’. दिग्दर्शक टोनी स्कॉट. त्यातली दृश्यं दाखवायचे हक्क आमच्याकडे नाहीत. म्हणून पडद्याकडे पाठ करून कॅमेरा लावला. तुम्हाला दिसताहेत ते बघणाऱ्यांचे चेहरे. संवाद इंग्रजी आहेत. पुढच्या बाकावरची कॉलेजची मुलगी मधेमधे चित्रपट थांबवून मराठीत सांगते, आणि तिचं ऐकून मागे बसलेले शेजारी आपल्या म्हाताऱ्या वडिलांना कन्नडमध्ये.

गोष्ट अमेरिकेतली. लोकांच्या टेलिफोनवर, संगणकावर पाळत ठेवण्याचे अधिकार वाढवणारा एक कायदा येऊ घातलाय. एक खासदार त्याला विरोध करतो. तळ्याकाठी त्याचा खून होतो, आणि खून घडवून आणणारा असतो एनएसए या सरकारी गुप्तचर संस्थेतला बडा अधिकारी. पण त्याच तळ्यावर एका पक्षी-अभ्यासकाने जंगली हंसांसाठी कॅमेरा लावून ठेवलेला असतो. हंस राहतात बाजूला, कॅमेऱ्यात खून येतो. तो अभ्यासक जीव घेऊन पळतो, आणि पळता पळता त्या चित्रणाची डिस्क एका ओळखीच्या वकिलाच्या खरेदीच्या पिशवीत टाकतो. वकिलाला पत्ताच नाही. हा वकील म्हणजे विल स्मिथ.

तिथून पुढे त्याच्या बुटात, घड्याळात, पेनात ऐकायची यंत्रं बसतात. नोकरी जाते, बँकेचं कार्ड चालेनासं होतं, बायको घराबाहेर काढते. का, हे त्याला बराच वेळ कळत नाही.

(दृश्य : मध्यंतर. चहा. एक काका बोलताहेत.)

चहाच्या वेळी मागून कुणीतरी म्हणालं, “कर नाही त्याला डर कशाला?” आपल्याकडे ही म्हण लगेच तोंडावर येते. त्यावर या काकांनी काय उत्तर दिलं ते ऐका. त्यांनी चाळीस वर्षं माग चालवलाय.

“अरे, त्या वकिलानं तरी काय केलतं? पिशवी त्याची. डिस्क दुसऱ्याची.”

याहून नेमकं उत्तर आम्हाला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही.

(दृश्य : कोगनोळी टोल नाका, पहाट. गाड्यांची रांग. वरचे कॅमेरे.)

आता बेळगावहून उत्तरेला. पुणे-बंगळूर महामार्ग, निपाणीच्या पुढे कोगनोळीचा टोल नाका. थोडं पुढे दूधगंगेचा पूल, पूल ओलांडला की कागल, म्हणजे महाराष्ट्र. बेळगावच्या माणसाला कोल्हापूरला लग्नाला, दवाखान्याला, बाजाराला जायचं तर हाच रस्ता. फेब्रुवारी २०२१ पासून टोलला फास्टॅग सक्तीचा झाला. काचेवरची पट्टी वरचं यंत्र वाचतं, पैसे कापले जातात, आणि गाडी किती वाजता कुठल्या रांगेतून गेली याची नोंद राहते. टोलसाठी ती लागतेच. पण नोंद राहते. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पुन्हा तापला, तेव्हा याच नाक्यावर बंदोबस्त वाढला होता.

(दृश्य : दूधगंगेकाठचा ऊस. एका शेतकऱ्याच्या हातातला मोबाइल, जवळून.)

हा मोबाइल बघा. शेतकरी बांधावरून चालतोय. फोनला हवा असतो जवळचा, जोरदार सिग्नलचा मनोरा. दूरसंचारच्या हिशेबात कर्नाटक हे एक मंडळ, महाराष्ट्र आणि गोवा हे दुसरं. नदीकाठी दोन्हीकडचे मनोरे पोचतात. माणूस एकाच उसात उभा, आणि फोन घटकेत या राज्यात, घटकेत त्या राज्यात.

फोन लावला की कंपनीकडे एक ओळ तयार होते. कोणी कोणाला लावला, किती वाजता, किती वेळ बोलले, आणि त्या वेळी फोन कुठल्या मनोऱ्यावर होता. कॉल डिटेल रेकॉर्ड. सगळे नुसतं सीडीआर म्हणतात. त्यात बोललेला एक शब्दही नसतो. तरी रोज रात्री दहाला कुणाशी बोलणं होतं, सकाळी फोन कुठे असतो, कुठल्या दिवशी कुठल्या गावात किती जणांचे फोन एकत्र आले, हे सगळं त्यातून मांडता येतं. कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. त्या मागवायला गृहसचिवांची सही लागत नाही.

सही लागते ती बोलणं ऐकायला. आपल्याकडचा पाया १८८५ चा, इंग्रजांनी केलेला तार कायदा. त्याच्या पाचव्या कलमाने सरकारला संदेश अडवायची, ऐकायची मुभा दिली. सार्वजनिक आणीबाणी किंवा लोकांची सुरक्षितता, आणि त्याखाली देशाचं सार्वभौमत्व, सुव्यवस्था अशी कारणं. शंभर वर्षं उलटून गेली तरी ऐकायचं कसं, किती दिवस, कोणाला विचारून, याचे नियमच नव्हते. १९९६ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते घालून दिले. केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा लेखी आदेश हवा. मुदतही न्यायालयानेच घातली, पुढे २००७ च्या नियमांत ती दिवसांत लिहिली गेली. एक आदेश ६० दिवस, वाढवत वाढवत जास्तीत जास्त १८० दिवस. तपासायला समिती. त्या समितीतही सरकारचेच सचिव. या सगळ्यात न्यायाधीश कुठेच नाही, आणि ज्याचं बोलणं ऐकलं त्याला कधीच कळवत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये, तार कायद्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली, नवे नियम आले, तरी ही चौकट राहिली.

म्हणजे या उसात उभ्या असलेल्या माणसासाठी बंगळूरला एक सही आहे, मुंबईला एक, दिल्लीला एक. राज्याच्या मधोमध राहणाऱ्याला हे जाणवणार नाही. सीमेवरच्याला जाणवतं.

(दृश्य : पुन्हा मागाची खोली. शेजाऱ्यांचे वडील, कन्नडमध्ये बोलताना.)

हे आजोबा कन्नड. तेही विणकर. चित्रपट अर्ध्यात आला तेव्हा त्यांनी एक नाव घेतलं : रामकृष्ण हेगडे. कर्नाटकचे मुख्यमंत्री. ऑगस्ट १९८८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, तो फोन टॅपिंगच्याच आरोपांमुळे. चित्रपट यायच्या दहा वर्षं आधी. खोलीतल्या तरुण पोरांना हे माहीतच नव्हतं. मराठी घरांत पाळतीच्या गोष्टी निघतात त्या सीमालढ्याच्या, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या, सभेत मागच्या रांगेत वही घेऊन बसलेल्या साध्या वेशातल्या माणसाच्या. पाळत म्हणजे आपल्यावर, असं आम्ही धरून चाललो होतो. आजोबांनी सांगितलं की ती विधानसौधातल्या माणसांवरही होती, आणि ती माणसं कन्नडच होती.

आणखी एक नाव आम्हाला इथं घ्यायचंय. के. एस. पुट्टस्वामी. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. ऐंशी ओलांडल्यावर, २०१२ मध्ये, ते आधारच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकार म्हणालं, खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, आणि १९६२ च्या खडक सिंग निकालाकडे बोट दाखवलं. उत्तर प्रदेशातला खडक सिंग. पोलीस रात्रीबेरात्री त्याचं दार ठोठवायचे. न्यायालयाने ते दार ठोठावणं तेवढं बंद केलं, पण येण्याजाण्यावर नजर ठेवणं चालू राहू दिलं. पंचावन्न वर्षं ते तसंच राहिलं. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. बेळगाव ज्या राज्यात आहे त्याच राज्यातल्या एका म्हाताऱ्या माणसाने हे सगळ्या देशासाठी मिळवलं. इथल्या मराठी शाळांत त्यांचं नाव मुलांना सांगावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

(दृश्य : पडद्याचा उजेड चेहऱ्यांवर. आकाशातून पाठलागाचा प्रसंग चालू आहे.)

चित्रपटातली एक गोष्ट मात्र खरी नाही, तीही सांगितली पाहिजे. वकील पळतो आणि उपग्रह त्याच्या डोक्यावरून त्याला सतत बघत राहतो. इतकं बारीक बघणारा उपग्रह पृथ्वीच्या जवळून फिरतो, आणि एखाद्या जागेवरून काही मिनिटांत पुढे निघून जातो. तो थांबून कुणाचा पाठलाग करू शकत नाही. पण चित्रपटानंतर पंधरा वर्षांनी, जून २०१३ मध्ये, एडवर्ड स्नोडेनने एनएसएची कागदपत्रं उघडी केली, तेव्हा कळलं की आकाशात जायची गरजच नव्हती. माहिती टेलिफोन आणि इंटरनेट कंपन्यांकडे आधीच साठलेली होती. मघाच्या त्या एका ओळीसारखी.

वकिलाला मदत करतो जीन हॅकमन. पूर्वी एनएसएसाठी काम केलेला, आता लपून राहणारा माणूस. त्याची काम करायची जागा तांब्याच्या जाळीने मढवलेली असते. आतला सिग्नल बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. याच हॅकमनने १९७४ च्या ‘द कॉन्व्हर्सेशन’मध्ये दुसऱ्यांची बोलणी चोरून ध्वनिमुद्रित करणाऱ्याचं काम केलं होतं, आणि इथं त्याच्या जुन्या फाइलमध्ये जो फोटो दिसतो तो त्याच चित्रपटातला. चोवीस वर्षांपूर्वीचा तरुण चेहरा.

जाळीचा प्रसंग आला आणि खोलीत पहिल्यांदा हसू पसरलं. काकांनी आपल्या मागावर थाप मारली. कुणाच्या ते आधी लक्षात आलं नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांच्या काळी, सीमालढ्याच्या दिवसांत, मोर्चा कुठून निघणार, निरोप कुणी कुठे न्यायचा, ही बोलणी मागाच्या खोलीत व्हायची. माग चालू ठेवून. दाराशी कुणी उभं असलं तरी आवाजापलीकडे काही ऐकू जायचं नाही.

(दृश्य : काका, जवळून. बराच वेळ गप्प.)

चित्रपट संपल्यावर त्यांना आम्ही विचारलं, काय वाटलं? ते म्हणाले,

“तो माणूस विचारतोय, माझ्यावर नजर ठेवायला तुम्ही कोण? आम्ही हे कधी कुणाला विचारलंच नाही. आमचं सगळं आयुष्य, बघाय लागलेत तर बघू देत, असंच गेलं.”

पाऊस आला की छत्री उघडावी तसं इथं माणूस फोनवर बोलताना शब्द बदलतो. सभेला ‘कार्यक्रम’ म्हणतो, मोर्च्याला ‘लग्न’. व्हॉट्सॲपच्या गटात नुसता अंगठा टाकतो. गेल्या वर्षी काही जणांच्या घरी बोलावणं आलं, दोघांनी गटातून नाव काढलं, त्यातल्या एकाच्या घरच्यांनी आम्हाला चित्रण करू नका म्हणून सांगितलं.

(दृश्य : पडदा उतरवताना. कापडाची घडी.)

रात्रीचे साडेअकरा. कापडाची घडी झाली. ते उद्या रंगवायला जाईल. बाक भिंतीला लागले. कॉलेजची मुलगी तेवढ्यात काकांच्या फोनमध्ये काहीतरी दाखवते आहे. कुठलं ॲप माइक वापरतं, कुठलं जागा बघतं, ते कसं बंद करायचं. काका एकेक बटण स्वतःच्या बोटाने दाबतात. तिला दाबू देत नाहीत.

(दृश्य : दुसऱ्या दिवशी सकाळ. माग सुरू. मूळ आवाज वाढत जातो.)

सकाळी आम्ही सामान न्यायला आलो तेव्हा माग चालू झाले होते. काका आणि ते कन्नड आजोबा तिसऱ्या मागापाशी उभे. काका त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी सांगताहेत. आजोबा मान हलवतात, मग तेही काकांच्या कानाशी तोंड नेतात. आमचा माइक त्यांच्यापासून चार हातांवर होता. ध्वनिमुद्रणात फक्त माग आहेत.

(मागांचा आवाज. चित्र तसंच राहतं.)