ज्युलिया टटल आणि एकाआड एक भूखंडांचे मायामी

मित्रहो, अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील मायामी शहराच्या उभारणीचे श्रेय बहुधा रेल्वेला आणि रेल्वे आणणाऱ्या हेन्री फ्लॅगलर या धनाढ्य उद्योजकाला दिले जाते. आज मी ज्या बाईंविषयी बोलणार आहे, त्यांनी या फ्लॅगलरना तेथपर्यंत आणले, आणि त्यासाठी आपल्या जमिनीचा मोठा वाटा देऊन टाकला. त्या बाई म्हणजे ज्युलिया टटल. त्यांना केवळ 'मायामीची माता' असे गौरवाने म्हणून थांबणे मला अपुरे वाटते, कारण जमिनीचे मोल कशाने ठरते याची त्यांना असलेली जाण हाच त्यांच्या कर्तृत्वाचा गाभा आहे.

ज्युलिया यांचा जन्म 1849 साली ओहायोतील क्लीव्हलँड येथे झाला. वडील फ्लोरिडात बिस्केन उपसागराच्या काठी जाऊन राहिल्यामुळे 1870 च्या दशकात त्यांनी हा प्रदेश प्रथम पाहिला. 1886 मध्ये पती वारले आणि दोन मुलांची जबाबदारी एकटीवर आली. 1891 मध्ये त्या कायमच्या दक्षिणेस आल्या, तेव्हा त्यांनी मायामी नदीच्या उत्तर तीरावरील 640 एकर, म्हणजे पुरा एक चौरस मैल जमीन विकत घेतली होती. तेथे फोर्ट डॅलस या जुन्या लष्करी ठाण्याच्या दगडी इमारती होत्या. त्यांतील एक दुरुस्त करून त्यांनी घर केले. दक्षिण तीरावर ब्रिकेल दांपत्याची वखार आणि मोठी जमीन होती. याखेरीज विरळ वस्ती, दलदल आणि झाडी. या किनाऱ्यावर रस्ता असा नव्हताच. 1885 पासून काही वर्षे पाम बीचकडून येणारे टपाल घेऊन माणूस ओल्या वाळूवरून अनवाणी चालत येत असे. अशा ठिकाणच्या 640 एकरांना बाजारात काय किंमत असणार?

हे टटलबाईंनी नेमके ओळखले होते. जमीन कितीही सुपीक असली आणि समोर कितीही सुंदर उपसागर पसरलेला असला, तरी माणसे आणि माल ये-जा करू लागल्याशिवाय तिला शहराचे मोल येत नाही. म्हणून त्या रेल्वेच्या मालकांच्या मागे लागल्या. फ्लॅगलर हे स्टँडर्ड ऑइल कंपनीत रॉकफेलर यांचे भागीदार. त्यांचा लोहमार्ग 1894 मध्ये पाम बीचपर्यंत आला होता आणि पुढे जाण्याची त्यांना घाई नव्हती.

ती घाई थंडीने लावली. 1894 च्या डिसेंबरअखेरीस आणि पुन्हा 1895 च्या फेब्रुवारीत उत्तर आणि मध्य फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली. पहिल्या लाटेत फळे गेली. मधल्या उबदार दिवसांत झाडांना नवी पालवी फुटली, रस चढला आणि दुसऱ्या लाटेत संत्र्याची झाडेच तडकली. मायामी नदीकाठची झाडे मात्र हिरवी राहिली. टटलबाईंनी फ्लॅगलर यांना संत्र्याचा मोहोर धाडल्याची कथा सर्वत्र सांगितली जाते. तो मोहोर प्रत्यक्ष नेला जेम्स इनग्रॅहम यांनी, म्हणजे 1892 मध्ये एव्हरग्लेड्सची दलदल पार करून आलेल्या आणि नंतर फ्लॅगलर यांच्या पदरी असलेल्या अधिकाऱ्याने. माझ्या मते फुलांनी जमिनीची खात्री पटवली. पण निर्णय झाला तो प्रस्तावाच्या बळावर.

तो प्रस्ताव नीट समजून घेण्यासारखा आहे. हॉटेल आणि स्थानकासाठी सुमारे 100 एकर फ्लॅगलर यांना द्यायचे, आणि उरलेल्या जमिनीची शहररचना करून तिचे भूखंड एकाआड एक वाटून घ्यायचे. सलग तुकडा दिला असता, तर रेल्वेवाल्याने आपल्या बाजूला रस्ते व पाणी आणले असते आणि टटलबाईंची बाजू ओसाड राहिली असती. एकाआड एक वाटणीत तसे करता येत नाही, कारण फ्लॅगलर यांच्या भूखंडापुढचा रस्ता पुढे टटलबाईंच्या भूखंडापुढूनच जाणार. ब्रिकेल यांनीही नदीपलीकडच्या जमिनीतून वाटा दिला. 1895 मध्ये करार झाला आणि एप्रिल 1896 मध्ये पहिली गाडी आली.

28 जुलै 1896 रोजी नगराच्या स्थापनेसाठी मतदान झाले. राज्याच्या कायद्याप्रमाणे शहर म्हणवण्यास किमान 300 मतदार लागत. ती संख्या भरण्यात रेल्वेच्या आणि हॉटेलच्या कामावरच्या कृष्णवर्णीय मजुरांचा मोठा वाटा होता. त्याच मजुरांना राहण्यासाठी मात्र नगराचा वेगळा, वायव्येकडचा भाग नेमून दिला गेला. टटलबाईंना मतच नव्हते, कारण अमेरिकेत स्त्रियांना देशव्यापी मताधिकार 1920 मध्ये मिळाला. फ्लॅगलर यांचे रॉयल पाम हॉटेल जानेवारी 1897 मध्ये उघडले. त्याच्या जागी तेकेस्ता या मूळ रहिवाशांचा दफनटेकाड होता, तो सपाट करण्यात आला. ही गोष्ट सांगितल्याशिवाय शहर वसवण्याची कथा मला पुरी वाटत नाही.

टटलबाईंनी भूखंडांच्या खरेदीखतांत मद्यविक्रीला बंदीची अट घातली. तिला अपवाद फक्त फ्लॅगलर यांच्या हॉटेलचा. त्यांनी स्वतःही एक हॉटेल बांधले आणि कर्जे काढली, कारण भूखंड हाती असले तरी ते विकले जाईपर्यंत पैसा येत नाही. वाढत्या शहरातील जमीनमालक असूनही त्या रोख रकमेसाठी ओढग्रस्त राहिल्या. 14 सप्टेंबर 1898 रोजी, वयाच्या 49 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मागे उरलेले कर्ज फेडण्यासाठी मुलांना जमीन विकावी लागली. 1900 च्या जनगणनेत मायामीची लोकसंख्या 1,681 होती. ज्या भूखंडांना पुढे अफाट किंमत आली, ते तोवर टटल कुटुंबाच्या हातून सुटू लागले होते.