सुरबहार वाजवणाऱ्या बासरीच्या गुरू

श्रोतेहो, नमस्कार.

अन्नपूर्णादेवींचं नाव निघालं की बोलणं लगेच पंडित रविशंकरांशी झालेल्या त्यांच्या लग्नाकडे आणि मैफलींपासून त्या दूर राहिल्या त्याकडे वळतं. मला आज बोलायचंय ते त्यांच्या शिकवण्याबद्दल. स्वतः सुरबहार, म्हणजे सतारीसारखं पण खर्जातलं मोठं तंतुवाद्य, वाजवणाऱ्या या बाईंनी पंडित हरिप्रसाद चौरसिया आणि पंडित नित्यानंद हळदीपूर यांना बासरीची तालीम दिली. हे घडलं कसं?

त्यासाठी मध्य प्रदेशातल्या मैहरला, त्यांच्या माहेरच्या घरात डोकवावं लागेल. वडील उस्ताद अल्लाउद्दीन खाँ म्हणजे बाबा. सरोद हे त्यांचं मुख्य वाद्य, पण तरुणपणी कलकत्त्यात त्यांनी क्लॅरिनेट, सनईसुद्धा हाताळली होती. बाबांचे थोरले भाऊ फकीर आफ्ताबुद्दीन बासरी वाजवत. म्हणजे फुंकीची वाद्यं या घराला परकी नव्हतीच. पुढे रामपूरला वझीर खाँसाहेबांकडून बाबांना बीनकारांची, म्हणजे बीन किंवा रुद्रवीणा वाजवणाऱ्यांची, विद्या मिळाली.

ही विद्या धाकट्या लेकीला द्यायची नाही, असं मात्र बाबांनी ठरवलं होतं. थोरल्या जहाँआराला गाण्यापायी सासरी फार सोसावं लागलं होतं, त्याचा तो घाव. भाऊ अली अकबर शिकायचे आणि ही मुलगी नुसती ऐकायची. एकदा भावाचा रियाझ चुकला, तेव्हा तिने तो गाऊन दुरुस्त केला. बाबा नेमके मागे उभे होते. त्या दिवसापासून तिची तालीम सुरू झाली. आधी गळा, मग सतार, मग सुरबहार.

गळा आधी, ही गोष्ट मला कळीची वाटते. मुंबईत ब्रीच कँडीच्या घरी शिष्यांना शिकवताना त्या गाऊनच सांगत. गायलेली जागा सतारीवर काढायची, सरोदवर की बासरीवर, हे ज्याचं त्याने शोधायचं. निखिल बॅनर्जींनी ती सतारीवर शोधली. हरिप्रसादजी आले तेव्हा सिनेसंगीतात त्यांचं नाव झालेलं होतं. अन्नपूर्णादेवींनी त्यांना बराच काळ दारातूनच परत पाठवलं. पहिल्यापासून शिकायची तयारी आहे हे दाखवायला हरिजींनी बासरी उजवीकडून डावीकडे घेतली आणि तशीच ठेवली. बोटांची वर्षानुवर्षांची सवय मोडायची म्हणजे काय, हे वाजवणाऱ्यालाच कळेल!

आणि हळदीपूर? त्यांचे वडील निरंजन हळदीपूर पन्नालाल घोषांचे शिष्य, आणि पन्नालालबाबूंनी स्वतः मैहरच्या बाबांकडे तालीम घेतलेली. शिवाय नित्यानंदजी आपल्या आकाशवाणीचे कलाकार, याचा आम्हाला अभिमान आहे.

अन्नपूर्णादेवींचा मुलगा शुभेन्द्र सतार वाजवत असे. १९९२ मध्ये तो गेला. त्यानंतरही त्या शिकवत राहिल्या. १३ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

आता हरिजींचा आलाप ऐकाल तेव्हा जोडापाशी, म्हणजे संथ आलापात लय येऊ लागते त्या भागापाशी, जरा थांबा. बीनकार तारेवर आघात करत जी लय उभी करतात, ती इथे जिभेने फुंकर तोडून उभी राहते. बासरीला तार नाही, तरी आघात स्पष्ट ऐकू येतो.

नमस्कार.