ताप गेला, मलेरिया नाही गेला

नमस्कार मंडळी. आज मलेरियाबद्दल बोलायचंय, पण डासांबद्दल नाही, ते तुम्ही दर पावसाळ्यात ऐकताच. आज बोलू या त्या 14 दिवसांच्या गोळ्यांबद्दल, ज्या आपल्यापैकी निम्मे लोक चौथ्या दिवशी बंद करतात. निम्मे हा आकडा माझ्या दवाखान्यातल्या अंदाजाचा बरं का, कुठल्या रिपोर्टमधला नाही.

मागच्या पावसाळ्यात एक गवंडी आला, बिल्डिंगच्या साइटवर काम करणारा. भर दुपारी चादर पांघरून रिक्षातून उतरला, दातावर दात आपटतायत. म्हणाला, डॉक्टर, वर्षात तिसऱ्यांदा, आमच्या साइटवरचे डास माझ्याच मागे लागलेत. रक्त तपासलं तर व्हायवॅक्स मलेरिया, मागच्या दोन्ही रिपोर्टांवरही तेच. मी विचारलं, अरे बाबा, मागच्या वेळी त्या बारीक गोळ्या दिल्या होत्या, त्या पूर्ण घेतल्या का? तर म्हणे, चार दिवस घेतल्या, मग ताप गेला, आणि पोटात आग पडायची म्हणून सोडल्या.

आता गंमत अशी की त्याला तीन वेळा नवीन डास चावलाच असेल असं काही नाही. व्हायवॅक्सचा जंतू डासाकडून अंगात शिरला की आधी लिव्हरमध्ये जातो, तिथून काही जंतू रक्तात उतरतात आणि थंडी वाजून ताप येतो, पण काही तिथेच झोपून राहतात, अगदी कुंभकर्णासारखे. कुणी तीन-चार आठवड्यांत उठतो, कुणी सहा महिने, वर्षभर झोपून मग उठतो, आणि पुन्हा तोच ताप. झोपलेले असताना ते रक्ताच्या काचपट्टीवर दिसतच नाहीत, त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे मलेरिया मुळासकट गेला असं मानू नका.

म्हणून औषधं दोन लागतात. क्लोरोक्विन रक्तातल्या जंतूंना मारतं, ते तीनच दिवस असतं आणि ताप त्यानेच उतरतो. लिव्हरमधल्या झोपाळूंना मात्र क्लोरोक्विन हातही लावत नाही, त्यांच्यासाठी प्रायमाक्विन. मोठ्या माणसाला रोज 15 मिलिग्रॅम, म्हणजे साडेसात मिलिग्रॅमच्या 2 गोळ्या, 14 दिवस. खरी अडचण हीच आहे बघा, माणूस बरा वाटायला लागतो पहिल्या औषधाने आणि दुसरं घ्यायचं असतं बरं वाटत असताना, मग कोण घेणार! उपाशीपोटी घेतलं की पोट बिघडतं हे खरंय, म्हणून जेवणानंतरच घ्यायचं. गवंड्याला मी सांगितलं, डबा संपला की गोळी, डब्यातच ठेव.

हे औषध तसं जुनं, 1952 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. कोरियाच्या युद्धातून परतणाऱ्या सैनिकांना घरी गेल्यावर पुन्हापुन्हा ताप यायचा, म्हणून परतीच्या जहाजावरच रोज 15 मिलिग्रॅम, 14 दिवस द्यायचे. म्हणजे आपण आजही तोच डोस देतोय. त्याच्या चाचण्या झाल्या होत्या इलिनॉयच्या स्टेटव्हिल तुरुंगातल्या कैद्यांवर, त्याबद्दल आज वाचलं तरी कसंतरी होतं. आणि तिथेच दिसलं की काही कैद्यांचं रक्त या गोळीने फुटतं, लाल पेशी मोडतात. कारण 1956 मध्ये सापडलं, त्यांच्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी होतं.

ही कमतरता आपल्याकडेही आहे, पारशी समाजात ती जास्त दिसते हे मुंबईच्या डॉक्टरांना कधीचं माहीत आहे. म्हणून गोळी सुरू करण्याआधी जी-सिक्स-पीडीची टेस्ट करून घेतलेली बरी. गोळी चालू असताना लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागली, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कमतरता असली तरी रस्ता बंद होत नाही, आठवड्यातून एकदा असा आठ आठवड्यांचा कोर्स असतो, पण तो डॉक्टरच्या नजरेखालीच. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला मात्र प्रायमाक्विन द्यायचं नाही. आणि घरात शेजाऱ्याची उरलेली स्ट्रिप असेल तर ती तर अजिबात नको!

14 दिवस कुणाला जमत नाहीत हे जगभरच्या डॉक्टरांनाही कळलंय. दुप्पट डोस 7 दिवस, असाही कोर्स जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये मान्य केला. आणि टॅफेनोक्विन नावाचं औषध आलंय, 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, सोळा वर्षांवरच्यांना एकदाच 300 मिलिग्रॅम, संपलं काम. ऐकायला झकास, पण ते अंगात बरेच दिवस राहतं, रक्त फुटायला लागलं तर प्रायमाक्विनसारखं थांबवता येत नाही. म्हणून आधी जी-सिक्स-पीडी मोजूनच घ्यावं लागतं, नुसतं आहे-नाही सांगणारी टेस्ट पुरत नाही. बायकांमध्ये तर जास्तच जपावं लागतं, कारण त्यांच्यात हे एन्झाइम अर्धवट असू शकतं.

तर आपल्या गवंड्याची टेस्ट नॉर्मल आली, आणि पंधराव्या दिवशी तो रिकामी स्ट्रिप घेऊन हजर. मी मागितली नव्हती हो, पण त्याला दाखवायची होती. मग विचारतो, डॉक्टर, आता परत मलेरिया नाही ना होणार? म्हटलं, लिव्हरमधल्या जुन्यांसाठी गोळ्या झाल्या, पण उद्या नवीन डास चावला तर नवीन होईल की, साइटवर पाणी साठवलेल्या टाक्या उघड्याच असतात ना? म्हणाला, त्या ठेकेदाराच्या. मग मच्छरदाणी घे म्हटलं, आणि झाकणांचं ठेकेदाराला मीच सांगतो, नंबर दे.